रिव्हर्स पार्किंग करताना स्टेअरिंग सरळ नेमकं कधी करायचं?

गाडी पुढे चालवायला काहीच अडचण नाही, ट्रॅफिकमध्ये, चढावर, सगळीकडे चालवते, पण दोन गाड्यांच्या मधे रिव्हर्स घेतली की गाडी तिरकीच लागते. कुठे घासत नाही, पण मागचं चाक एका पट्ट्याला चिकटलेलं आणि बोनेट भलतीकडे, मग शेजारच्याला दार उघडायला जागा उरत नाही आणि तशी गाडी सोडून जाणं मला पटत नाही.

थिअरी समजलीये. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की मागची बाजू डावीकडे जाते, पण वळतात पुढचीच चाकं, त्यामुळे गाडीचं तोंड उजवीकडे बाहेर येतं, म्हणून मागे बघताना पुढच्या कोपऱ्यावरही लक्ष ठेवावं लागतं. ब्रेकवर पाय ठेवून अगदी हळू घेते. फुल लॉक मारून, म्हणजे स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून, गाडी आत शिरायला लागते, इथपर्यंत छान. घोळ होतो तो पुढे. पट्ट्यांना समांतर झाल्यावर स्टेअरिंग सरळ करायला घेते, तर तेवढ्यात गाडी अजून वळून जाते, आणि लवकर सोडलं तर वळण अपुरं राहतं. समांतर व्हायच्या जरा आधीपासून सोडत जायचं का? की थांबून, चाकं जागेवरच सरळ करून मग मागे यायचं? उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवलं की टायर घासतात हे माहितीये, पण शिकेपर्यंत चालेल ना?

दुसरं म्हणजे कॅमेरा. त्यातल्या रेषा माझ्या गाडीत स्टेअरिंगबरोबर हलत नाहीत आणि मागची भिंत आहे त्याहून लांब वाटते, त्यामुळे आता आरशांवरच भर देतेय. आरसा जरा खाली केला की मागचं चाक आणि पट्टा दोन्ही दिसतात. दाराखाली पट्टा आणि गाडीत वीतभर फट दिसते आणि मागे चाकापाशी ती निमुळती होत जाते, म्हणजे गाडी तिरकी हे लगेच कळतं. कळतं, पण तिथून सुधारायचं कसं तेच जमत नाहीये. तसंच मागे घेत स्टेअरिंगने सावरायला गेलं की जास्तच बिघडतं. मग पुढे काढताना पूर्ण बाहेर यायचं की अर्धी गाडी आत ठेवूनच सरळ करता येते, आणि पुढे येताना स्टेअरिंग कुठल्या बाजूला ठेवायचं? ज्यांना हे सवयीने जमतं त्यांनी प्लीज स्टेप बाय स्टेप सांगा, आरशात काय दिसल्यावर काय करता ते.