देवळालीचा ताप
इंग्रजीतला 'डुलाली' हा शब्द आपल्या डुलण्यावरून आला असावा, असा तर्क एकाने मांडलाय. तसं नाही. तो थेट आपल्या नाशिकजवळच्या देवळालीतून गेलाय! इंग्रजीत 'गो डुलाली' म्हणजे डोकं फिरणं, भ्रमिष्टासारखं वागणं.

१९व्या शतकात देवळालीला ब्रिटिश फौजेची मोठी छावणी होती. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक तिथे मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत राहायचे. जहाजं ठरावीक हंगामातच सुटायची, त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपली त्याला कित्येक महिने काढावे लागत. हाताला काम नाही, वर ऊन आणि हिवताप. कुणी दारूत बुडाले, काहींचं मन खरोखरच ढळलं. मूळ प्रयोग होता 'डुलाली टॅप', आणि हा टॅप म्हणजे आपला ताप. पुढे तो गळून नुसतं डुलाली उरलं.

मला तरी हा शब्द विनोदी वाटत नाही. घरची ओढ लागलेल्या पोरांची ती अवस्था होती. गोरे सैनिक मायदेशाला, म्हणजे ब्रिटनला, 'ब्लायटी' म्हणत, त्या शब्दाचंही तेच. विलायतीचं बोलीतलं रूप बिलायती, त्याचं हे ब्लायटी. पहिल्या महायुद्धात, जीव जाणार नाही पण मायदेशी धाडतील इतपत जखम झाली की सैनिक तिला ब्लायटी म्हणत.