व्याकरणाचे पत्ते: तुमच्या वर्गात नेमकं काय झालं?

नियम तोंडपाठ, आणि वहीत ‘फूलाला’. यावर उतारा म्हणून कधी ना कधी आपण सगळेच पत्ते वाटतो. खेळांच्या कृती नकोत, त्या कुठेही मिळतात. कुठला पत्ता अडला, कोण कशावरून भांडलं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

बदामसातच्या चालीवर विभक्तीचे पत्ते केले होते. घोडा, नदी, फूल, भाऊ अशी चार नामं, प्रत्येकाची आठ रूपं, म्हणजे 32 पत्ते. चतुर्थी आधी लावायची, मग एका बाजूला प्रथमेपर्यंत उतरायचं, दुसऱ्या बाजूला संबोधनापर्यंत चढायचं. पहिल्याच डावात घोडं अडलं, अगदी शब्दशः. ‘घोड्याला’ हा पत्ता दोन मुलींकडे आणि दोघी म्हणतायत, चतुर्थी माझीच. दोघींचंही बरोबर! द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय तेच: स, ला, ना, ते. वर्षानुवर्षं शिकवूनही पत्ते लिहिताना माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मी फळ्याकडे वळणार, तेवढ्यात तिसरी म्हणाली, “बाई, पण घोड्याला काय केलं ते सांगा ना.” रात्री बसून सगळे पत्ते पुन्हा लिहिले. एकावर ‘घोड्याला बांधलं’, दुसऱ्यावर ‘घोड्याला चारा दिला’. तेव्हापासून सुटा शब्द पत्त्यावर लिहीत नाही.

*

मी इंग्रजी शिकवतो. क्रियापदांच्या तीन रूपांची रमी लावतो: गो, वेंट, गॉन हातात आले की संच खाली टाकायचा. ‘पुट’चे तीन पत्ते मी भाबडेपणाने इतरांसारखेच लिहिले. एका मुलाने ते तिन्ही गोळा करून जाहीर केलं, “सर, हे तीन जोकर आहेत, कुठेही चालतील.” चालत नाहीत हे सिद्ध करायला मला दहा मिनिटं लागली. ‘रीड’ची तऱ्हा आणखी वेगळी. स्पेलिंग तिन्हीकडे एकच, पण दुसऱ्या-तिसऱ्या रूपाचा उच्चार ‘रेड’. म्हणून नियम केला, पत्ता टाकताना मोठ्याने वाचायचा. उच्चार चुकला की पत्ता परत हातात. गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाची तक्रार येते. येऊ दे.

*

विद्यार्थी म्हणून लिहितोय. आमच्याकडे ‘गाढव’ खेळायचे. चार नामं किंवा चार विशेषणं जमली की खाली हात आपटायचा, शेवटी आपटणारा गाढव. मला शब्द कळायचे, पण हात उशिरा पडायचा. वर्षभर गाढव होतो. पुढे कितीतरी दिवस विशेषण म्हटलं की पोटात गोळा यायचा. एवढंच सांगायचं होतं. घड्याळ लावणार असाल तर हरणाऱ्याचं नाव तरी बदला.

*

वरचं वाचून वाईट वाटलं. मी वेग काढूनच टाकलाय. माझ्याकडे मराठी नव्याने शिकणारी मोठी माणसं येतात. मध्ये तीन पाट्या, तो, ती, ते, आणि हातातलं नाम योग्य पाटीखाली ठेवायचं. लहान मुलं कानाने ठेवतात, ही मंडळी नियम शोधतात. ‘ई’ने संपतं ते स्त्रीलिंगी असा शोध त्यांनी स्वतःच लावला. मी गप्प राहिले. खुर्ची, वही, नदी सुरळीत गेल्या. मग निघाला हत्ती, त्याच्यामागे पाणी. मुद्दामच तळाशी ठेवले होते. आता तर ‘वेळ’ आणि ‘मजा’ हे दोन पत्ते मी दोन-दोन लिहिते, कारण वेळ झाला आणि वेळ झाली, मजा आला आणि मजा आली, दोन्ही चालतं. एकाने ‘पोर’ हातात धरून विचारलं, “हे कुठे?” म्हटलं, तिन्हीकडे. त्याने पत्ता खाली ठेवून दोन्ही हात जोडले!

*

पत्ते करण्याबद्दल थोडं, कारण हे कुणी सांगत नाही. साध्या कागदावर स्केचपेनने लिहू नका, शाई मागे फुटते. माझ्या मुलांना दोन दिवसांत पाठीवरचे डाग पाहून पत्ते ओळखता यायला लागले. जाड खोक्यांचे तुकडे कापले तर टिकतात. दुसरं, लिहून झाल्यावर कुणाला तरी तपासायला द्या. मी ‘पूलावर’ लिहिलं होतं आणि वर्गातल्या सगळ्यात शांत मुलीने पत्ता परत आणून दिला, “सर, पु पहिला.” पुढचा संच तिच्याकडूनच लिहून घेतला.

*

संधीच्या जोड्या पालथ्या मांडून शोधायच्या, हा खेळ आम्ही खेळतो. सूर्य आणि उदय उचलले तर सूर्योदय, जगत् आणि नाथ तर जगन्नाथ. एकाने सूर्य आणि आलय उचललं आणि छातीठोकपणे म्हणाला, सूर्यालय. नियमाला धरून अगदी बरोबर, पण माझ्या यादीत नव्हतं. गुण दिले. त्यानंतर पोरं मुद्दाम असे शब्द पाडायला लागली आणि खेळ भलतीकडे गेला, पण सवर्णदीर्घ संधी मला पुन्हा शिकवावी लागली नाही.

*

प्रयोगाचा अनुभव. कर्ता, कर्म, क्रियापद असे तीन गठ्ठे, प्रत्येकातला एक पत्ता ओढून भूतकाळी वाक्य करायचं. ‘मुलगी, पत्र, लिहिणे’ आलं की मुलीने पत्र लिहिलं, ठीक. मग ‘मुलगा, चावी, विसरणे’ आलं. “मुलाने चावी विसरली.” अर्धा वर्ग हसला, उरलेल्या अर्ध्याला यात चूक काय तेच कळेना. मुलगा चावी विसरला. सकर्मक क्रियापद, तरी ‘ने’ नाही, कर्तरीच. मुलांनी अशांचा वेगळा गठ्ठा केला: विसरणे, शिकणे, बोलणे. त्यावर रबरबँड आणि चिठ्ठी, ‘ने नको’. ‘पिणे’वरून मात्र अजून भांडण चालू आहे. तो पाणी प्याला, त्याने पाणी प्यायलं, दोन्ही ऐकू येतं. सध्या तो पत्ता रबरबँडखाली अर्धा आत, अर्धा बाहेर खोचलाय.