नरक्यातलं कॅम्प्टोथेसिन: ए५४९ पेशी २४ तासांत मरत का नाहीत?

नवा_पिपेट: ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये वेलमागे १०,००० ए५४९ पेशी (फुप्फुसाच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या). दुसऱ्या दिवशी शुद्ध कॅम्प्टोथेसिन (नरक्या या झाडातलं कर्करोगविरोधी द्रव्य) १ ते ५० मायक्रोमोलर, २४ तासांनी एमटीटी (जिवंत पेशी जांभळा रंग तयार करतात ती चाचणी). सगळीकडे ७५-८० टक्के जिवंत; डोस वाढवला तरी आकडा हलत नाही. ५० च्या वेलमध्ये सुयांसारखे स्फटिक दिसतात. माल खराब आहे का?

एस_टप्पा: माल बरा असावा, वेळ कमी दिलाय. कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ ला (डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकराला) डीएनएवर अडकवून ठेवतं. तेवढ्याने फार बिघडत नाही. डीएनएची नक्कल करत येणारी यंत्रणा तिथे आदळली की दोन्ही धागे तुटतात. म्हणून मार बसतो तो मुख्यतः एस टप्प्यातल्या (ही नक्कल चालू असलेल्या) पेशींना. ए५४९ दुप्पट व्हायलाच साधारण एक दिवस घेतात, आणि वेल दाट भरली की तेही मंदावतं.

त्यात ए५४९ चं पी५३ (डीएनए बिघडला की पेशीला थांबवणारं प्रथिन) शाबूत. मार बसलेली पेशी आधी थांबते, पसरट आणि मोठी होते, आणि एमटीटीला जांभळं करत राहते. एमटीटी पेशी मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजतं.

वेलमागे २,०००-३,००० पेशी, ७२ तास, डोस १० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर. ५० ला औषध पाण्यात टिकतच नाही, सुया त्याच्याच.

लॅक्टोन: स्टॉकही (मूळ दाट द्रावण) तपासा. १ मिग्रॅ पावडर २.८७ मिली डीएमएसओत (औषध विरघळवणाऱ्या द्रावकात) म्हणजे १ मिलिमोलर. सगळे डोस आधी डीएमएसओतच पातळ करा, मग प्रत्येकाचा हजारात एक भाग मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात). कंट्रोलसकट (औषध न दिलेल्या वेलसकट) सगळीकडे डीएमएसओ ०.१ टक्का. मीडियात मिसळून ठेवू नका. ७.४ पीएचला कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतलं लॅक्टोनचं कडं अर्ध्या तासाच्या आसपास निम्मं उघडतं आणि उघडलेलं रूप जवळजवळ निकामी. हूडमध्ये (निर्जंतुक कामाच्या कपाटात) मीडिया जांभळट व्हायला लागला की पीएच चढलाय, कडं आणखी लवकर उघडणार. १९७० च्या सुमारास रुग्णांना दिलेला सोडियम क्षार म्हणजे हेच उघडं रूप: गुण कमी, मूत्राशयाला त्रास जास्त.

नवा_पिपेट: नरक्याच्या सालीचा अर्क थेट वापरला तर?

एस_टप्पा: एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) कॅम्प्टोथेसिन मोजल्याशिवाय नको, झाडागणिक प्रमाण बदलतं. आणि कॅम्प्टोथेसिनपासून निघालेलं टोपोटेकॅन फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगावर देतात. ए५४९ त्यातली नव्हे, निष्कर्ष लिहिताना जपून.

लॅक्टोन: मालाची खात्री एका तासात होते: १ मायक्रोमोलर द्या आणि गॅमा-एच२एएक्स (तुटलेल्या डीएनएची खूण) रंगवा, लाल दुय्यम अँटिबॉडीने. कॅम्प्टोथेसिन स्वतःच निळं चमकतं, म्हणून डीएपीआयच्या (केंद्रक निळं दाखवणाऱ्या रंगाच्या) आधी नीट धुवा.