शब्दचर्चा: येव्ला, कारार आणि हेन

प्रश्न

स्वीडनच्या प्रकाशक संघटनेचा आउगुस्त पुरस्कार २०२३ साली कादंबरीसाठी आंद्रेव्ह वालदेन यांच्या पहिल्याच कादंबरीला मिळाला. तिचं नाव 'येव्ला कारार'. सात वर्षांत सात बाप वाट्याला आलेल्या मुलाची ही गोष्ट आहे. इंग्रजी भाषांतराच्या नावात पुरुष हा शब्दच उरलेला नाही, त्यामुळे मराठी नाव तिकडून आणायचं नाही, थेट स्वीडिशवरून करायचं असं मी ठरवलं आहे.

'कार' म्हणजे पुरुष, पण बोलीतला, घरगुती. लिहिताना शेवटी ल असतो, तो उच्चारत नाहीत. 'कारार' हे अनेकवचन. 'येव्ला' हे सैतानाच्या नावावरून आलेलं विशेषण, चिडून कशालाही लावतात. 'सैतानी पुरुष' म्हटलं की भयकथा वाटते, 'हरामखोर पुरुष' फार जड होतं. काय म्हणता येईल?

प्रतिसाद

मेले बाप्ये.

का ते सांगते. स्वीडिश शिव्यांचा मोठा भाग सैतान आणि नरक यांतून येतो. आपल्याकडे सैतानाचा धाक कधी नव्हताच. आपण चिडलो की मरण काढतो: मेला, मुडदा, मसणात जा. म्हणजे 'येव्ला' जे काम करतो तेच काम 'मेला' करतो. सैतान मराठीत आणायची गरज नाही. 'हे मेलं कुलूप उघडत नाही' यातला मेला आणि स्वीडिश माणूस कुलपाला लावेल तो 'येव्ला' यांचं वाक्यातलं स्थानही एकच आहे.

आणि 'कार'साठी 'पुरुष' नको. पुरुष हा फॉर्मवरच्या रकान्यातला शब्द आहे. घरात आपण बायामाणसं आणि बाप्ये म्हणतो. शिवाय बाप्यात बाप ऐकू येतो. गोष्ट सात बापांची असताना हे आयतं मिळतंय, ते सोडू नये.

प्रतिसाद

'बाप्ये' मला पूर्ण पटला. 'मेले'बद्दल दोन शंका आहेत.

पहिली, 'मेले' बायकांच्या तोंडचा शब्द आहे आणि निवेदक मुलगा आहे. दुसरी शंका जास्त महत्त्वाची. 'मेला' लाडानेही म्हणतात. 'मेल्या, आलास का!' यात माया आहे. 'येव्ला'त माझ्या माहितीप्रमाणे ती ऊब नाही, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तो शब्द चांगलाच टोचतो.

प्रतिसाद

पहिल्या शंकेचं उत्तर देते. हे बाप मुलाने निवडलेले नाहीत, ते आईच्या आयुष्यात आले म्हणून त्याच्या आयुष्यात आले. मुलं शिव्या घरातूनच उचलतात. मुलाच्या तोंडी आईच्या पिढीचा शब्द आला तर तो खटकणार नाही, उलट घर उभं राहील.

दुसरी शंका रास्त आहे. माया येते ती मुख्यतः एकवचनी संबोधनात, 'मेल्या' म्हणताना. अनेकवचनात, तेही पाठीमागे बोलताना, ती जवळजवळ नसते. 'मेले कुठे उलथलेत कोण जाणे' यात लाड शोधून सापडणार नाही. तरी 'येव्ला'पेक्षा 'मेले' सौम्य आहे हे मान्य. तेवढी धार गेली तरी चालेल. 'साले' म्हटलं तर धार राहील, पण घर जाईल.

मूळ प्रश्नकर्ता

'मेले बाप्ये' ठेवतो. मनापासून आभार.

आता मुलांच्या पुस्तकातला एक शब्द. २०१२ साली येस्पर लुंदक्विस्त यांचं एक चित्रपुस्तक आलं. त्यातल्या कीवी नावाच्या मुलासाठी (की मुलीसाठी?) 'हान' म्हणजे तो किंवा 'हुन' म्हणजे ती न वापरता सगळीकडे 'हेन' वापरलं आहे. त्यावरून स्वीडनमध्ये मोठा वाद झाला. शब्द तेव्हाचा नाही, १९६६ मध्येच एका वर्तमानपत्रात तो सुचवला गेला होता आणि फिनिश भाषेतल्या 'हॅन'शी त्याचं नातं आहे. २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दसूचीत तो दाखल झाला. स्वीडिश क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे तिथे एक सर्वनाम बदललं की काम झालं. आपल्याकडे 'खेळतो', 'खेळते' इथेच अडतं.

प्रतिसाद

मुलांच्या पुस्तकात मराठीला अडायचं कारणच नाही. मूल, बाळ, लेकरू, पोर, कार्टं: आपले हे शब्द नपुंसकलिंगी आहेत. 'कीवी खेळतं, कीवी रुसलं, त्याला कुत्रा हवा होता.' एकही शब्द घडवावा लागला नाही. अडचण मोठ्यांच्या पुस्तकात येईल. मोठ्या माणसाबद्दल 'ते आलं' म्हटलं की 'ते ध्यान आलं' असा तुच्छतेचा सूर लागतो, आणि 'ते आले' म्हणजे आदरार्थी पुरुष. तिथे मला अजून समाधानकारक वाट दिसत नाही.

प्रतिसाद

मी सिंधुदुर्गातला, म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे मुलगी म्हणजे चेडू, आणि चेडू नपुंसकलिंगी. गोव्यात कोंकणीतही लहान मुलीला 'तें' म्हणतात. त्यामुळे 'कीवी रुसलं' हे पुण्यातल्या मुलाला अनिश्चित वाटेल, पण आमच्याकडच्या मुलाला कीवी सरळ मुलगीच वाटेल. नपुंसकलिंग वापराच, पण पहिल्या पानावर 'कीवी नावाचं एक मूल होतं' असं स्पष्ट म्हणा, म्हणजे गोंधळ थोडा कमी होईल.

प्रतिसाद

नात्यांच्या शब्दांत मात्र स्वीडिश आपल्याला अगदी जवळची आहे. मुस्तर म्हणजे मावशी, फास्तर आत्या, मुरब्रूर मामा, फारब्रूर काका. मुस्तर हा आई आणि बहीण या दोन शब्दांचा जोड आहे, आणि मावशीचं मूळ 'मातृष्वसा' हाही तोच जोड. इंग्रजीवरून भाषांतर केलं तर ही चारही नाती पुसली जातात आणि मराठी भाषांतरकार अंदाजाने काका-मामा लिहीत बसतो.

फक्त आजीपाशी आपण कमी पडतो. फ्रेडरिक बाकमन यांच्या २०१३च्या कादंबरीत सात वर्षांच्या एल्साची 'मुरमुर' आहे, म्हणजे आईची आई. तिथे पहिल्यांदा 'आजोळची आजी' लिहावं, पुढे नुसतं आजी.