नववीतल्या मुलीने खगोल मंडळ सोडावं का?

प्रश्न – नववीची आई

मुलगी नववीत आहे. शाळेत आठवड्यातून एकदा शेवटची तासिका मंडळांसाठी असते. ती खगोल मंडळात आहे, वादविवादात आहे, शिवाय भित्तिपत्रकाच्या संपादनात. या घटक चाचणीत गणितात गुण घसरले, त्यातही त्रिकोणमितीत जास्त. वर्गशिक्षिका म्हणाल्या, दहावीपर्यंत मंडळं बंद ठेवा. घरात यावर दोन तट पडलेत. मुलगी म्हणते, बाकी काहीही सोडायला सांग, खगोल नाही. त्या मंडळात नेमकं काय चालतं हे मला नीटसं माहीत नाही, म्हणून ठाम बोलताही येत नाही. शिकवणाऱ्यांनी कृपया सांगावं.

उत्तर १ – दोन मुलांचा बाबा

आधी उत्तरपत्रिका घेऊन तिच्याशेजारी बसा. वेळ कमी पडल्यामुळे गुण गेलेत की मुळात कळलंच नाही, ते दहा मिनिटांत दिसेल. कळलेलं नसेल तर मंडळ बंद करून कळणार नाही.

उत्तर २ – विज्ञान शिकवतो

ताई, मी माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवतो आणि शाळेचं खगोल मंडळही बघतो, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरूनच वाचा.

आमच्याकडे गुरू संध्याकाळी चांगला दिसत असेल त्या महिन्यांत मुलं त्याच्या चार मोठ्या चंद्रांची नोंद ठेवतात. छोटी दुर्बीण पुरते. १०×५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री तिकाटण्यावर घट्ट बसवली तरी चालतं. रोज ठरलेल्या वेळी बघायचं, प्रत्येक चंद्र गुरूच्या कोणत्या बाजूला आणि गुरूच्या किती व्यास अंतरावर आहे ते वहीत मांडायचं. चारही ठिपके सारखेच दिसतात, कोणता कोण हे कुठे लिहिलेलं नसतं. गॅलिलिओला ७ जानेवारी १६१० च्या रात्री तीनच दिसले होते, चौथा नंतर सापडला. मुलांचीही सुरुवातीला अशीच तारांबळ होते आणि ती होऊ द्यावी.

पुरेशा नोंदी जमल्या की या चारांपैकी कॅलिस्टोचा आलेख काढतो. सगळ्यात बाहेरचा तोच, त्यामुळे ओळखायला सोपा, एका फेरीला सुमारे १६.७ दिवस घेतो. सगळ्यात आतला आयो मात्र छळतो. त्याची फेरी १.७७ दिवसांची, म्हणजे रात्रीतून एकदाच बघणाऱ्याला तो कुठून कुठे गेला याचा पत्ता लागत नाही. कॅलिस्टोचे ठिपके जोडले की कागदावर लाट उमटते. ही लाट का, असं कोणीतरी विचारतंच. चंद्र जवळजवळ वर्तुळात फिरतोय, आपण त्या वर्तुळाकडे कडेने बघतोय, म्हणून आपल्याला फक्त त्याचं डावं-उजवं सरकणं दिसतं. ते सरकणं म्हणजे त्रिज्या गुणिले साइन. तुमच्या मुलीचे गुण जिथे गेले तेच साइन. वर्गात ते काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंचं गुणोत्तर असतं आणि पुष्कळ मुलांसाठी तिथेच थांबतं.

पुढे कॅलिस्टोच्या आतला चंद्र, गॅनिमिड, घेतो. कॅलिस्टोचं गुरूपासूनचं अंतर गॅनिमिडच्या १.७६ पट आणि फेरीचा काळ २.३३ पट. पहिल्याचा घन करा, दुसऱ्याचा वर्ग करा, दोन्ही ५.४ च्या आसपास येतात. हा केप्लरचा तिसरा नियम: अंतराचा घन आणि फेरीच्या काळाचा वर्ग एकाच प्रमाणात वाढतात. मुलांच्या स्वतःच्या मोजमापातून आकडे इतके जुळत नाहीत, पण आकडा कुठे ओढ घेतोय ते दिसतं, आणि फरक का पडला यावरचं बोलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. प्रयोगशाळेच्या तासिकेत गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर ९.८ यायला हवं हे आधीच माहीत असतं, त्यामुळे मुलं वाचनं हळूच तिकडे ढकलतात. मंडळात ढगाळ रात्रीची जागा वहीत कोरी राहते. कोरी ठेवायची असते, हे वर्गात शिकवणं मला जमत नाही, तिथे जमतं.

उलट बाजूही खरी आहे. समरूप त्रिकोण, वर्ग-घन, आलेखाचे अक्ष हे सगळं तासिकेतूनच येतं. ते पक्कं नसेल तर खगोल मंडळ ग्रहांची चित्रं चिकटवण्यावर येऊन थांबतं. तसं मंडळ असेल तर खुशाल सोडा. म्हणून तिची नोंदवही मागून बघा. दोन बैठकांच्या मध्ये तिने स्वतः काही केलेलं दिसलं तर ते मंडळ ठेवावं. आणि तीन मात्र नकोत. नववीच्या मुलीला एका मंडळात खोल जाता येतं, तिन्हींत नुसती हजेरी लागते.

उत्तर ३ – वादविवादवाली

सरांचं पटलं, पण वादविवादाची बाजू मांडते. शाळेत मी चार वर्षं त्या मंडळात होते. आपल्याला न पटणारी बाजू वाट्याला यायची आणि ती मनापासून मांडावी लागायची. इतिहासाच्या दीर्घोत्तरी प्रश्नांत त्याचा थेट फायदा झाला, कारण ‘कारणे सांगा’ वाचलं की समोरचा काय खोडून काढेल हे आधी सुचायचं. तरीही तुमच्या मुलीने सध्या खगोल निवडलं असेल तर तेच असू दे. स्पर्धांच्या काळात वादविवाद आठवडेच्या आठवडे खातो.

नववीची आई

वही बघितली. तारखा आहेत, वेळ आहे, काही पानांवर नुसतं ‘ढग’. गुरूच आहे, सर! पण आलेख नाही. विचारलं तर म्हणाली, मंडळात अजून काढला नाही, कसा काढायचा माहीत नाही. भित्तिपत्रक सोडायला ती तयार आहे, वादविवाद सहामाहीनंतर बघू म्हणते.

विज्ञान शिकवतो

मग मंडळाची वाट बघू नका. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर तारखा, उभ्यावर अंतर. पूर्वेकडचं धन, पश्चिमेकडचं ऋण. प्रत्येक रात्रीचा सगळ्यात लांबचा ठिपका आधी मांडू दे, बहुतेक वेळा तो कॅलिस्टो असतो. जिथे लाट तुटेल तिथे तो गॅनिमिड असण्याची शक्यता जास्त. गणिताच्या बाईंनाही तो कागद दाखवायला सांगा, त्रिकोणमितीच्या शंका तिथेच विचारता येतील. अडली तर इथे लिहा, मी बघतो.