मदत हवी आहे: वापरलेल्या साड्यांच्या ऑनलाइन विक्रीत तक्रार आल्यास पैसे कुठवर परत करावेत?

नमस्कार. मी नागपूरला मानेवाडा भागात राहते आणि गेली तीन वर्षे वापरलेल्या साड्या, ओढण्या व कुर्ते घरूनच ऑनलाइन विकते. आरंभ सासूबाईंच्या कपाटापासून झाला. त्यांच्या पश्चात बावीस साड्या उरल्या होत्या आणि त्या भांडेवालीला देऊन बदल्यात स्टीलचा डबा घेणे माझ्या जिवावर आले, म्हणून मी त्यांचे फोटो काढून टाकले. आठवडाभरात त्यांतल्या नऊ साड्या गेल्या. पुढे नात्यातल्या बायकांनी आणि शेजारणींनी आपापल्या साड्या आणून दिल्या, आणि आता महिन्याला तीस-पस्तीस नग जातात. पैसे यूपीआयने येतात आणि पार्सल मी स्पीड पोस्टाने पाठवते.

गेल्या दोन महिन्यांत तीन तक्रारी आल्या. त्यांपैकी एकीने माझी झोप उडवली आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

सोलापूरच्या एका ताईंनी माझ्याकडून करवतकाठी कोशाची साडी ३,२०० रुपयांना घेतली. काठावर करवतीच्या दात्यांसारखी वीण असलेली ही आपल्या विदर्भातली साडी आता नवी घ्यायची तर पुष्कळ महाग पडते, त्यामुळे जुन्या साडीला चांगली मागणी असते. पार्सल मिळाल्यानंतर अकराव्या दिवशी त्यांनी कळवले की साडी एकदाच हळदीकुंकवाला नेसली आणि निऱ्यांच्या जागी घडीच्या रेषेवर ती वीतभर उसवल्यासारखी चिरली. सोबत फोटो होता. चीर शिवणीची नव्हती, कापडच घडीवर तुटले होते. मी विक्रीच्या वेळी ‘जुनी, परंतु उत्तम स्थितीत’ असे लिहिले होते. ते लिहिताना माझ्या मनात काहीही लपवण्याचा हेतू नव्हता, पण साडी पूर्ण उलगडून प्रत्येक घडी उजेडात धरून मी पाहिली होती का, असे कोणी विचारले तर मला खात्रीने ‘हो’ म्हणता येत नाही. दुसरीकडे असेही वाटते की साडी किती ताणून नेसली, पिन कुठे लावली, हे मला कसे कळावे?

दुसरी तक्रार रंगाची होती. मोरपिशी साडीचा फोटो मी रात्री ट्यूबलाइटखाली काढला होता आणि त्यात ती हिरवी दिसत होती. चूक सरळ माझी असल्याने दोन्ही वेळचा टपालखर्च सोसून मी पैसे परत केले. तिसऱ्या प्रकरणात ‘मापात बसत नाही’ म्हणून परत आलेल्या कुर्त्यावर बगलेत घामाचे डाग आणि गळ्याशी कुंकवाचा डाग होता, जे पाठवताना नव्हते. मात्र ते नव्हते हे दाखवायला माझ्याजवळ पुढून काढलेला एकच फोटो होता, म्हणून त्याही वेळी मी गप्प बसून पैसे दिले. ते अजून मनाला लागून आहे.

माझ्या जावेचे म्हणणे आहे की बिलबुकावर छापतात तसे ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे वर लिहून टाकावे आणि मोकळे व्हावे. मला ते पटत नाही. बाई साडी हातात न घेता, केवळ माझ्या शब्दावर पैसे पाठवते. तिला दुकानातल्यासारखी पदर उलगडून बघण्याची सोय नसते. पण जुनेपणाचा म्हणून जो दोष असतो, तो विक्रेत्याने किती दिवस अंगावर घ्यायचा? एकदा नेसलेली साडी परत घ्यावी का? आणि पैसे पूर्ण द्यावेत की काही कापून? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे. सोलापूरच्या ताईंना मी रविवारपर्यंतचा वेळ मागितला आहे.

प्रतिसाद १

ताई, प्रथम कायद्याची बाजू सांगतो, कारण जावेचा सल्ला तिथेच अडतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेण्यास आणि पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतून स्वतःच्या वैयक्तिक वापरातले कपडे क्वचित विकणारी व्यक्ती वगळलेली आहे, परंतु नियमित व पद्धतशीर विक्री असेल तर ती सूट मिळत नाही, आणि महिन्याला तीस नग म्हणजे तुमचा तो व्यवसाय झाला. वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, ही अट तर १९३० च्या वस्तुविक्री कायद्यापासून आहे. तेव्हा ‘जुनी आहे’ एवढे लिहिल्याने सुटका होत नाही, मात्र ‘तिसऱ्या घडीवर कापड विरले आहे’ असे लिहिलेले असेल, तर त्याच दोषावरून पुढे तक्रार टिकणे अवघड. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. सोलापूरच्या बाईंना नागपूरला येण्याची गरजच नाही.

प्रतिसाद २

मी नागपूरच्याच इतवारीत वीस वर्षे रफू आणि पॉलिशचे काम करते आहे. कोसा आणि रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले की त्या रेषेवरचे धागे कमजोर होतात, घामाने आणि उन्हानेही रेशीम दुबळे होते, आणि वरून पाहिले तर साडी ठणठणीत दिसते. त्यामुळे फोटोतली चीर वीतभर सरळ घडीच्या रेषेवर असेल तर ती नेसण्यातली चूक नाही, साडी आतूनच गेलेली होती. पिनेची चीर छिद्रापासून सुरू होते. विकण्यापूर्वी साडी खिडकीशी दिवसाच्या उजेडात धरा, विरलेली जागा लगेच झिरझिरीत दिसेल; मग घडीच्या दोन्ही बाजूंना अंगठे ठेवून हलकेच ताण देऊन बघा. कसर लागलेली भोकेही अशीच सापडतात. डांबर गोळ्यांचा वास येत असेल तर तोही लिहावा, कित्येकींना तो सहन होत नाही.

कुर्त्याचे म्हणाल, तर आतल्या दुमडीत एका ठरावीक रंगाच्या धाग्याचे दोन टाके घालून ठेवत जा आणि बगल, गळा, मागची बाजू यांचे फोटो वेगळे काढा. स्पीड पोस्टाच्या पावतीवर पार्सलचे वजन असते, ती जपून ठेवा. परत आलेल्या पार्सलचे वजन तिच्याशी ताडून पाहिले की वस्तू बदलली असल्यास बऱ्याचदा लक्षात येते.

प्रतिसाद १

वरचे दोन्ही उपाय उत्तम. पैशांबाबत एवढेच सांगतो की ज्या खात्यातून रक्कम आली त्याच खात्यावर ती परत करावी. ‘दुसऱ्या नंबरवर पाठवा’ असे कोणी म्हटले तर आधी जुना व्यवहार क्रमांक जुळवून बघावा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, त्यामुळे परताव्याच्या निमित्ताने पिन मागितला गेला तर तो फसवणुकीचाच प्रकार समजावा. तसे घडलेच, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद वाचून मी सोलापूरच्या ताईंकडून जवळून काढलेला फोटो मागवला. चीर सरळ घडीवर आहे, पिनेचे छिद्र कुठेही नाही. त्यांना ३,२०० रुपये पूर्ण परत करते आणि परतीचा टपालखर्चही मी देते असे कळवले. त्यांनी उलट विचारले की साडी परत न पाठवता काठ आणि पदर कापून ओढणीला लावले तर चालेल का, आणि त्यासाठी हजार रुपये ठेवून घ्या. मी आठशे ठेवून बाकीचे पाठवले.

आज दुपारी कपाटातल्या उरलेल्या सर्व कोशाच्या साड्या खिडकीशी धरून पाहिल्या. अकरांपैकी चार घडीवर विरलेल्या निघाल्या. त्या चारही मी विक्रीतून काढल्या असून इतवारीच्या ताईंनी परवानगी दिली तर पुढच्या मंगळवारी त्या घेऊन रफूसाठी येईन. ज्या रफू होण्यासारख्या असतील त्यांची विक्री करताना रफूची जागा फोटोत आणि मजकुरात, दोन्हीकडे दाखवीन. ‘उत्तम स्थितीत’ हे शब्द मी जुन्या सर्व मजकुरांतून आजच पुसले आहेत आणि त्या जागी लांबी, घड्यांची अवस्था, डाग, वास असे एकेक लिहायला घेतले आहे. मोरपिशी साडीचा फोटोही उद्या सकाळच्या उजेडात नव्याने काढते.