‘कॅमेरा २ : जागा नाही’ – यातली ‘जागा’ कुठली?

माझी भाची आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून एक छोटा रोबो बांधतायत. चार चाकं, वर ‘रास्पबेरी पाय ४’ नावाचा छोटा संगणक, एक कॅमेरा समोर बघणारा, दुसरा जमिनीवरची पांढरी रेघ बघणारा. पावसाळा संपला की तो मुळशीतल्या एका शाळेत जाणार आहे आणि तिथली मुलंच तो जोडून चालवणार आहेत. त्याची मराठी वही लिहायचं काम मी अंगावर घेतलंय. गेले दोन रविवार कर्वेनगरला तिच्या खोलीवर तेच चाललंय, आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय.

एकेक कॅमेरा लावला की चित्र छान येतं. दोन्ही एकदम सुरू केले की दुसरा बंद, आणि पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. भाचीने चिकटपट्टीवर लिहून ठेवलं, ‘कॅमेरा २ : जागा नाही’. मी त्याचा अर्थ घेतला की मेमरी कार्ड भरलं. ३२ जीबीचं कार्ड, बघितलं तर निम्म्याहून जास्त रिकामं. तरी जुने व्हिडिओ पुसले. फरक शून्य. तिच्या मैत्रिणीने तीच चिठ्ठी ‘कॅमेरा जागा नाही’ अशी वाचली, म्हणजे झोपलाय! ती दर वेळी वायर काढून, परत घालून त्याला उठवत होती. शेवटी तपकीर गल्लीतून नवी वायरही आणली. तरी तेच.

शाळेतल्या मुलांचा असाच दिवस वाया जायला नको. ‘स्पेस’ला इथे जागा म्हणायचं की दुसरं काही? आणि ही जागा नक्की कशातली?

प्रतिसाद

ताई, आधी व्याकरणाचं. इथे दोन वेगळे शब्द एका रूपात भेटलेत. ठिकाण या अर्थाची ‘जागा’ स्त्रीलिंगी नाम. जाग आलेला तो ‘जागा’ हे विशेषण, ‘जागी, जागे’ असं बदलणारं. कॅमेरा पुल्लिंगी असल्यामुळे घोटाळा झाला. ‘घड्याळ’ असतं तर ‘जागं नाही’ झालं असतं आणि कुणी चुकलं नसतं. शिवाय ‘नाही’ला लिंग नाही. भूतकाळात लिहून बघा: ‘जागा नव्हती’ आणि ‘जागा नव्हता’, लगेच फरक कळतो. वहीत ‘जागा उरली नाही’ लिहा. क्रियापद आलं की संशय मिटतो, आणि मुळातल्या ‘लेफ्ट’चा अर्थही राहतो.

प्रतिसाद

वरचं पटलं, पण ‘कशातली जागा’ हा प्रश्न जास्त मोलाचा आहे. मी भोसरीत यंत्रांवर कॅमेरे बसवण्याचं काम करतो, ही अडचण नेहमी येते.

लिनक्स, म्हणजे तुमचा पाय ज्या प्रणालीवर चालतो ती, तिच्यात ही २८ क्रमांकाची चूक. कार्ड भरलं तरी हाच संदेश आणि यूएसबीच्या बसवर, म्हणजे वायरने जोडलेली सगळी उपकरणं माहिती पाठवायला मिळून वापरतात त्या वाटेवर, जागा संपली तरी हाच. तुमची जागा बसवरची आहे. आणि इथे मराठी फार नेमकी मदत करते. एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना? यूएसबी कॅमेरा चित्र पाठवायच्या आधी नेमकं तेच करतो. यूएसबी २ ची बस सेकंदाला ४८० मेगाबिटची. त्यातला जास्तीत जास्त ८० टक्के भाग, म्हणजे ३८४, असा आधी धरता येतो. पुष्कळ कॅमेरे गरज असो-नसो, सगळ्यात मोठा रुमाल टाकतात, सुमारे १९६.६ मेगाबिटचा. दोघांचे मिळून ३९३. दुसऱ्याला जागा मिळणारच नाही. प्रत्यक्ष चित्राला एवढी लागत नाही: ६४० बाय ४८० चं साधं चित्र, सेकंदाला ३० वेळा, हिशेब केला तर १४७ च्या आसपास येतो. म्हणजे जागा रिकामी असते, पण धरलेली असते.

आणि पाय ४ वर खाच बदलून उपयोग नाही. निळ्या असोत वा काळ्या, अशा कॅमेऱ्यांसाठी चारही खाचा एकाच बसला जोडलेल्या आहेत.

प्रतिसाद

‘वहनक्षमता संपली’ कसं वाटतं?

मूळ प्रश्न विचारणारी

‘वहनक्षमता’ बरोबर आहे, पण पाचवीतल्या मुलाला ती समजावायला मला पुन्हा रुमालापाशीच यावं लागेल. ‘जागा धरणे’ हाच शब्द घेते. भोसरीच्या दादांचे मनापासून आभार, आमच्या चौघींना कारण कळलं.

काल करून बघितलं. दोन्ही कॅमेऱ्यांचं चित्र ३२० बाय २४० केलं तर दोघे एकदम चालले. पण रेघ फार पुसट दिसायला लागली. म्हणून खालचा कॅमेरा बदलून चपट्या पट्टीचा लावला. तो यूएसबीवर येतच नाही, त्याची वाट वेगळी. ती पट्टी बसवताना खटका वर उचलायचा, पट्टीची निळी बाजू नेटवर्कच्या खाचेकडे ठेवायची, पट्टी सरळ खाली जाऊ द्यायची आणि मग खटका दोन्ही बाजूंनी सारखा दाबायचा. पहिल्यांदा ती एका कोपऱ्यात केसभर वर राहिली होती आणि कॅमेरा दिसतच नव्हता. भाची म्हणाली, ‘मावशी, बसली नाहीये नीट.’ हे सगळं वीज बंद करूनच.

वहीतलं पान आता असं आहे: ‘दुसऱ्या कॅमेऱ्याला बसवर जागा धरता आली नाही. कार्ड पुसू नका. चित्र लहान करा किंवा एक कॅमेरा पट्टीचा लावा.’ यात ‘बस’ वाचून मुलं एसटीच समजतील का, की शेजारी तारेचं चित्र काढू?

प्रतिसाद

एसटीच समजू दे. दोन्ही ‘बस’ मूळच्या एकाच लॅटिन ‘ऑम्निबस’मधून आल्यात, अर्थ ‘सर्वांसाठी’. खिडकीतून रुमाल टाकणारा माणूस काढा, आणि त्याच्या हातात कॅमेरा द्या.